पडद्यामागची तार : एसडीआय

क्रिकेटचा सामना घरच्या पडद्यावर दिसू लागतो, तेव्हा ते चित्र उपग्रह, फायबर, सेट-टॉप बॉक्स असे अनेक टप्पे ओलांडून आलेले असते. या प्रवासाची बहुतेकांना थोडीफार कल्पना असते. मात्र त्याआधीचा एक प्रवास सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनच्या पोटात हे चित्र कॅमेऱ्याच्या नियंत्रक पेटीकडून स्विचरकडे, स्विचरकडून अक्षरे उमटवणाऱ्या यंत्राकडे, तेथून ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रण करणाऱ्या यंत्रांकडे आणि शेवटी उपग्रहाकडे पाठवणाऱ्या उपकरणाकडे जाते. स्टुडिओतही हाच क्रम असतो. गेली तीन दशके ही सारी ये-जा प्रामुख्याने एकाच प्रकारच्या, साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तारेवरून होत आली आहे. या तारेवरून चित्र कसे न्यायचे, याचे नियम म्हणजे 'सीरियल डिजिटल इंटरफेस', संक्षेपाने एसडीआय.

एसडीआयची व्याख्या एका वाक्यात करता येते. कोणतेही संक्षेपण न केलेले डिजिटल चित्र, त्यासोबतचा ध्वनी आणि काही पूरक माहिती एकाच कोॲक्शियल तारेतून, एकामागोमाग एक बिट अशा क्रमाने, एकाच दिशेने नेण्याची पद्धत म्हणजे एसडीआय. अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांची संस्था एसएमपीटीई हिने या पद्धतीचे प्रमाणीकरण केले. ही संस्था १९१६ साली केवळ चित्रपट अभियंत्यांची म्हणून स्थापन झाली आणि १९५० साली तिच्या नावात दूरचित्रवाणीची भर पडली.

दोन जगांचा मसावि-लसावि

एसडीआयचा पाया १९८२ साली घातला गेला. त्या वेळी जगात दूरचित्रवाणीच्या दोन प्रमुख कुळी होत्या. अमेरिका, जपान आदी देशांत ५२५ रेषांचे चित्र सेकंदाला सुमारे ३० वेळा रंगवले जाई. युरोप, भारत आदी देशांत ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा. रंग मिसळण्याच्या पद्धतीही वेगळ्या होत्या. अमेरिकेत एनटीएससी, भारतात पाल, फ्रान्समध्ये सेकाम. या सर्व पद्धतींत उजळपणा आणि रंग यांची माहिती एकाच विद्युत लहरीत मिसळून पाठवली जाई. प्रक्षेपणासाठी ही काटकसर उत्तम होती, पण स्टुडिओतील संस्करणासाठी मुळीच नव्हे. चित्रफितीची प्रत काढली की चित्र थोडे धूसर होई, प्रतीची प्रत काढली की आणखी धूसर. चार-पाच पिढ्यांनंतर चेहऱ्यांच्या कडा विरघळू लागत. बारीक पट्ट्यांचा सदरा घातलेल्या निवेदकाच्या अंगावर नसलेले रंग नाचू लागत, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल.

उपाय डिजिटल होण्यात होता, परंतु कोणत्या मापाने? लहरीचे दर सेकंदाला किती नमुने घ्यायचे, यावर युरोप आणि अमेरिका यांची मते सुरुवातीला जुळत नव्हती. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीला सोयीचा आकडा निवडला असता, तर डिजिटल युगातही दोन कुळी कायम राहिल्या असत्या. तडजोड निघाली ती शाळेतल्या गणितातून. ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ रेषा असतात. ५२५ रेषांच्या पद्धतीत सुमारे १५,७३४. पहिल्या आकड्याची १४४ पट आणि दुसऱ्याची १४३ पट केली, की दोन्हीकडे २२ लाख ५० हजार हीच संख्या येते. म्हणजे २.२५ मेगाहर्ट्झच्या पटीत नमुने घेतले, तर दोन्ही पद्धतींत प्रत्येक रेषेत नमुन्यांची संख्या पूर्णांकी बसते. त्याची सहा पट, १३.५ मेगाहर्ट्झ, हा वेग मुक्रर झाला. एका पद्धतीत रेषेला ८६४ नमुने, दुसरीत ८५८. आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या भागात दोन्हीकडे समान ७२०. आंतरराष्ट्रीय दूरसंचार व्यवस्थेत ही शिफारस '६०१' या क्रमांकाने ओळखली जाते. दूरचित्रवाणीच्या इतिहासात इतका समंजस करार क्वचितच झाला असेल.

उजळपणाचे नमुने पूर्ण वेगाने आणि रंगाच्या दोन घटकांचे नमुने निम्म्या वेगाने घ्यायचे, असेही ठरले. मानवी डोळा उजेड-अंधारातील बारकावे टिपण्यात तरबेज, पण रंगाच्या बारकाव्यांबाबत बराच उदार असतो, त्याचा हा फायदा. या प्रमाणाला ४:२:२ म्हणतात. उजळपणाचे १.३५ कोटी आणि रंगांचे मिळून तेवढेच, असे सेकंदाला २.७ कोटी नमुने होतात. भारतात दूरदर्शनने याच १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू केले आणि नोव्हेंबरमधील दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा लोकांनी रंगात पाहिल्या. येथे ॲनालॉग रंगाची पहाट होत असतानाच त्याच्या उत्तराधिकाऱ्याचा आराखडा दुसरीकडे कागदावर उतरत होता, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पंचवीस पिनांचा जुडगा

हे नमुने यंत्रायंत्रांमध्ये न्यायचे कसे? पहिले उत्तर सरळ होते. आठ बिटांच्या नमुन्यासाठी तारांच्या आठ जोड्या (पुढे दहा बिटांसाठी दहा), आणि ठेका धरण्यासाठी घड्याळाची आणखी एक जोडी. टोकाला पंचवीस पिनांचा जोड. या समांतर पद्धतीत सर्व बिट एकाच वेळी, शेजारी शेजारी धावत. १९८६ साली सोनीने आणलेल्या डी-१ या पहिल्या डिजिटल चित्रफीत यंत्रणेच्या काळात ही पद्धत वापरात होती. पण तिचे दोष लवकरच दिसले. शेजारच्या जोड्यांतून निघालेले बिट लांब अंतरावर मागेपुढे पोहोचत. त्यामुळे पन्नासेक मीटरपलीकडे भरवसा नसे. जाडजूड केबल भिंतीतल्या नळ्यांतून वळवणे हे सुताराला लाजवील असे काम होते. शंभर चित्रस्रोतांपैकी कोणताही कोठेही जोडू शकणारा राउटर बांधायचा, तर प्रत्येक जोडणीसाठी अकरा जोड्या बदलाव्या लागत.

सर्व बिट एका रांगेत उभे करून एकाच तारेतून सोडण्याची कल्पना यातून पुढे आली. दहा बिटांचे २.७ कोटी नमुने म्हणजे सेकंदाला २७ कोटी बिट, अर्थात २७० मेगाबिट. एसएमपीटीईने १९८९ साली २५९एम या क्रमांकाने या क्रमिक पद्धतीचे मानक प्रथम प्रसिद्ध केले. याआधी आठ बिटांच्या नमुन्याला नववा बिट जोडून २४३ मेगाबिटने पाठवण्याची एक क्रमिक पद्धत सुचवली गेली होती. पण दहा बिटांची गरज स्पष्ट होताच ती मागे पडली. आठ बिटांत उजळपणाच्या २५६ पायऱ्या बसतात, दहा बिटांत १,०२४. संध्याकाळच्या आकाशासारख्या सावकाश बदलणाऱ्या छटांत आठ बिटांच्या पायऱ्या डोळ्यांना पट्ट्यांसारख्या दिसू शकतात.

या मानकातील सर्वांत दूरदर्शी निर्णय मात्र बिटांचा नव्हता, तर तारेचा होता. जगभरच्या स्टुडिओंत ॲनालॉग चित्रासाठी ७५ ओहम अवरोधाची कोॲक्शियल तार आधीच भिंतीभिंतींतून खेळवलेली होती आणि तिच्या टोकाला पाव वळसा देऊन घट्ट बसणारा बीएनसी जोड होता. (हे नाव या जोडाच्या संगीन-पद्धतीच्या खाचेवरून आणि नील व कॉन्सलमन या दोन अभियंत्यांच्या आडनावांवरून आले आहे.) नव्या पद्धतीने तीच तार आणि तोच जोड स्वीकारला. यंत्रे बदलावी लागली, पण इमारत उकरावी लागली नाही. दूरचित्रवाणी केंद्राच्या अंदाजपत्रकात तारा ओढण्याची मजुरी हा लहान आकडा नसतो. एसडीआय इतक्या झपाट्याने रुजली, याचे श्रेय तिच्या गणिताइतकेच या काटकसरीलाही द्यावे लागेल.

घड्याळाशिवाय ठेका

समांतर पद्धतीत घड्याळासाठी वेगळी जोडी होती. एका तारेत ती सोय नाही. मग समोरच्या यंत्राला एक बिट कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे कसे कळावे? तारेवरील विद्युतदाब वर-खाली होतो त्या प्रत्येक क्षणावरून ते आपले घड्याळ जुळवून घेते. परंतु चित्रात एकसारखी काळी भिंत असेल तर शून्यामागून शून्ये येत राहतील, दाब बदलणारच नाही, आणि ग्राहक यंत्राचा ठेका चुकेल.

यासाठी बिट पाठवण्यापूर्वी ठरावीक सूत्राने पिसून घेतले जातात, पत्ते पिसावेत तसे. फरक इतकाच की, हे पिसणे उलटवता येते. दुसऱ्या टोकाला त्याच सूत्राने मूळ क्रम परत मिळतो. त्यानंतर आणखी एक संस्कार होतो : 'एक' असेल तर दाब बदलायचा, 'शून्य' असेल तर आहे तसाच ठेवायचा. यामुळे अर्थ दाबाच्या उंचीत न राहता दाबाच्या बदलात राहतो, आणि वाटेत एखाद्या उपकरणाने लहर उलटी केली तरी चित्रात काहीही फरक पडत नाही.

पिसूनही क्वचित वाईट पत्ते यावेत, तसे येथेही घडते. काही विशिष्ट रंगांच्या सपाट चित्रांत, पिसल्यानंतरही, एकोणीस शून्ये आणि एकच एक अशा लांबलचक एकसुरी माळा तयार होऊ शकतात. अभियंते अशा संकेतांना 'विकृत' म्हणजे पॅथॉलॉजिकल संकेत म्हणतात आणि गंमत अशी की, ते मुद्दाम तयार करतात. पडद्याचा वरचा अर्धा भाग जांभळट आणि खालचा अर्धा करडा, असे एक प्रमाणित चाचणीचित्र आहे. वरचा भाग तारेतील ऱ्हास भरून काढणाऱ्या मंडलाची परीक्षा घेतो, खालचा घड्याळ जुळवणाऱ्या मंडलाची. सामान्य माणसाला अत्यंत कंटाळवाणे वाटणारे हे चित्र ज्या जोडणीतून स्वच्छ पार होते, तिच्यातून सहसा कोणतेही चित्र पार होते.

रेषा कोठे सुरू झाली आणि कोठे संपली, हे सांगण्यासाठी प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना चार शब्दांची खूण असते. पहिल्या शब्दात सर्व एक, पुढील दोन शब्दांत सर्व शून्ये आणि चौथ्यात ही खूण आरंभाची की अंताची, याचा तपशील. ही खूण चित्रात चुकूनही उमटू नये म्हणून अगदी टोकाच्या काही संख्या चित्राला वर्ज्य ठरवल्या आहेत. शुद्ध काळ्यासाठी दहा बिटांत ६४ आणि शुद्ध पांढऱ्यासाठी ९४० हे आकडे असतात, शून्य आणि १,०२३ नव्हेत. संगणकावर काम करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, तर त्यांनी केलेली अक्षरपट्टी प्रक्षेपणात मळकट किंवा भडक दिसते. वृत्तवाहिन्यांच्या चित्रकारांत आणि अभियंत्यांत होणाऱ्या वादांचे हे एक नित्याचे कारण आहे.

रिकाम्या जागेचा उपयोग

जुन्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांचा झोत एक रेषा रंगवून झाल्यावर पुढच्या रेषेच्या आरंभाशी परत जाई. त्या परतीच्या क्षणांत चित्र नसे. डिजिटल पद्धतीला या विश्रांतीची गरज नव्हती, तरीही जुन्या पद्धतीशी मेळ राहावा म्हणून ती ठेवली गेली. ६२५ रेषांच्या पद्धतीत २७० मेगाबिटपैकी प्रत्यक्ष चित्राचा वाटा सुमारे २०७ मेगाबिटचा. उरलेला जवळपास पाव भाग मोकळा.

या मोकळ्या जागेत एसडीआयने ध्वनी बसवला. चार-चार वाहिन्यांचे चार गट, असे एकूण सोळा ध्वनिप्रवाह चित्राच्या तारेतूनच जाऊ शकतात. मैदानावरचा गलका, इंग्रजी समालोचन, हिंदी समालोचन, अन्य प्रादेशिक भाषेतील समालोचन ही सर्व एकाच तारेत, परस्परांत न मिसळता, चित्राच्या बरोबरीने धावतात. ध्वनी आणि ओठांची हालचाल यांचा मेळ राखण्याचे काम यामुळे पुष्कळ सोपे झाले. प्रत्येक फ्रेमचा कालसंकेत, कर्णबधिरांसाठीची उपशीर्षके, चित्राचा आकार ४:३ आहे की १६:९ याची सूचना, हेही याच जागेत मावते.

संक्षेपण न करण्याचा हट्ट का, असा प्रश्न येथे पडू शकतो. घरी येणारे साधे डिजिटल चित्र अवघ्या काही मेगाबिटांत बसते. मग स्टुडिओत २७० कशाला? एक कारण वेळेचे आहे. संक्षेपण करायला आणि उलगडायला वेळ लागतो आणि थेट प्रक्षेपणात दिग्दर्शकाला 'कॅमेरा तीन' म्हणताच कॅमेरा तीनच हवा असतो. दुसरे कारण संस्करणाचे. हिरव्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या हवामान निवेदिकेमागे नकाशा बसवायचा, तर तिच्या केसांच्या कडेची रंगमाहिती शाबूत हवी. संक्षेपणात नेमकी तीच आधी बळी जाते. या शुद्धतेची किंमतही मोठी आहे. एसडीआयवरून तासभर येणारे साधे चित्र जसेच्या तसे साठवायचे, तर १२१ गिगाबाइटहून अधिक जागा लागते. उच्च स्पष्टतेच्या चित्राला ६६८.

कड्याचे टोक

डिजिटल म्हणजे निर्दोष, हा समज एसडीआयने जितक्या निष्ठुरपणे मोडून काढला तितका क्वचितच कशाने मोडला असेल. ॲनालॉग तार लांबली की चित्र हळूहळू मऊ पडे, त्यात मुंग्या दिसू लागत. अभियंत्याला आधीच सूचना मिळे. एसडीआयमध्ये तशी सूचना नसते. तार कितीही लांब होत गेली तरी एका मर्यादेपर्यंत चित्र तंतोतंत मूळासारखे राहते. मग तुरळक ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात आणि त्यापुढे अवघ्या काही मीटरांत पडदा काळा होतो. या प्रकाराला 'कड्याचा परिणाम' म्हणतात. कड्याच्या टोकापासून एक पाऊल अलीकडे उभा असलेला माणूस आणि मैलभर अलीकडे उभा असलेला माणूस, दोघेही सारखेच सुरक्षित दिसतात.

याचे व्यावहारिक परिणाम गंभीर आहेत. सकाळच्या चाचणीत निर्दोष ठरलेली जोडणी संध्याकाळी थेट प्रक्षेपणात, पॅच पॅनलवर आणखी एक लहान तार वाढवल्यामुळे किंवा कोणीतरी केबल करकचून वळवल्यामुळे, अचानक तुटू शकते. पडद्यावर चित्र दिसते आहे, ही खात्री पुरेशी नसते. कड्यापासून आपण किती दूर आहोत, हे मोजावे लागते. लहरीचा मूळ दाब ०.८ व्होल्ट असतो. दुसऱ्या टोकाला त्यातले किती उरते, बिटांच्या कडा वेळेच्या हिशेबात किती थरथरतात, रेषेगणिक येणारे पडताळणीचे आकडे जुळतात की नाही, हे दाखवणारी उपकरणे महाग असतात. छोट्या वाहिन्यांत आणि भाड्याच्या ओबी व्हॅनवर नेमकी हीच खरेदी पुढे ढकलली जाते, हे दुर्दैव आहे.

साध्या स्पष्टतेच्या एसडीआयला चांगल्या तारेवर साधारण तीनशे मीटरपर्यंत मजल मारता येते. वेग वाढला की मजल घटते. उच्च वारंवारतेचा प्रवाह तांब्याच्या केवळ पृष्ठभागालगत वाहतो आणि त्याचा ऱ्हास वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेग चौपट केला तर त्याच तारेतील ऱ्हास सुमारे दुप्पट होतो.

वेगाची चढती भाजणी

उच्च स्पष्टतेच्या म्हणजे एचडी चित्रासाठी एसएमपीटीईने १९९८ साली २९२एम हे मानक दिले. येथे वेग १.४८५ गिगाबिट. हा विचित्र आकडाही १९८२ च्या करारातूनच आला आहे. एचडीचा नमुनावेग ७४.२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याच २.२५ ची तेहेतीस पट. रेषा दोन्ही पद्धतींत १,१२५, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर रेषेला २,६४० नमुने, ३० असतील तर २,२००, गुणाकार सारखाच. प्रत्यक्ष दिसणारे चित्र १,९२० बाय १,०८० बिंदूंचे. प्रत्येक रेषेला तिचा क्रमांक आणि चूक शोधणारा पडताळा-आकडा जोडण्याची सुधारणाही याच वेळी झाली. भारतात दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ऑक्टोबर २०१० मध्ये दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण सुरू केले.

सेकंदाला ५० किंवा ६० संपूर्ण फ्रेम हव्या झाल्या, तेव्हा आधी २००२ च्या मानकाने दोन तारा जोडीने वापरण्याची सोय केली आणि २००६ साली ४२४एम या मानकाने तेच काम २.९७ गिगाबिट वेगाच्या एका तारेत आणले. यालाच ३जी-एसडीआय म्हणतात. मोबाइलच्या तिसऱ्या पिढीशी त्याचा संबंध नाही. या मानकात चित्र तारेत बसवण्याचे 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार राहून गेले आणि ते परस्परांना समजत नाहीत. तार ठीक, जोड ठीक, वेग ठीक, तरीही पडदा काळा, अशा वेळी दोन यंत्रांपैकी एक 'ए' बोलत असते आणि दुसरे 'बी'. समिती कोणालाच नाराज करू इच्छित नसली की काय होते, त्याचा हा नमुना आहे.

चौपट बिंदूंच्या ४के चित्रासाठी काही वर्षे चार तारा एकत्र वापरल्या गेल्या. चारांपैकी दोन तारा अदलाबदल झाल्या की निवेदकाचे डोके खांद्याच्या जागी येई. २०१५ साली ६जी आणि १२जी या मानकांनी ही कसरत संपवली. १२जीचा वेग ११.८८ गिगाबिट, १९८९ च्या मूळ वेगाच्या चव्वेचाळीस पट, आणि अजून तोच ७५ ओहमचा बीएनसी जोड.

तोच म्हणावा का, हा मात्र प्रश्न आहे. २७० मेगाबिट वेगात एक बिट तारेमध्ये जवळपास पाऊण मीटर लांबीचा असतो. एचडीत तो दीड वितीहून लहान होतो आणि १२जीत जेमतेम दोन सेंटिमीटरचा, म्हणजे खुद्द जोडाहूनही आखूड. अशा वेळी जोडाच्या आतील अर्ध्या मिलिमीटरची चूकही बिटाला आरशासारखी परत फेकते. दिसायला सारखे असणारे ५० ओहमचे आणि ७५ ओहमचे बीएनसी पूर्वी बेलाशक मिसळले जात आणि खपूनही जात. १२जीत ते खपत नाही. जुन्या इमारतीतल्या तारा वापरता येतात, ही एसडीआयची मूळ देणगी येथे जवळजवळ संपुष्टात आली. १२जीची मजल तारेच्या प्रतीनुसार पन्नास ते शंभर मीटरच्या आसपासच राहते. त्यापलीकडे फायबरचा आधार घ्यावा लागतो.

काही नेहमीच्या गफलती

ॲनालॉगच्या काळात एकाच तारेला इंग्रजी 'टी' आकाराचा जोड लावून दोन-तीन मॉनिटर ओळीने जोडता येत आणि शेवटच्याला ७५ ओहमचा रोधक लावला की काम भागे. हाताची ही सवय एसडीआयमध्ये घातक ठरते. येथे एका टोकाला एकच पाठवणारा आणि दुसऱ्या टोकाला एकच घेणारा असतो. अनेक ठिकाणी चित्र हवे असेल तर वितरण करणारी स्वतंत्र पेटी लागते.

दुसरी गफलत एएसआयची. संक्षेपित चित्रप्रवाह वाहून नेणारी ही पद्धतही २७० मेगाबिट वेगाची, त्याच तारेची आणि त्याच जोडाची. परंतु तिच्यात बिट पिसण्याची रीत नाही. तिची संकेतपद्धती वेगळी असून लहर उलटी झाली की ती निकामी होते. एसडीआयची काही वितरण उपकरणे आपल्या निम्म्या निर्गमांवर लहर उलटी करतात. एसडीआयला त्याचे सोयरसुतक नसते. एएसआय मात्र एका जोडातून चालते आणि शेजारच्यातून चालत नाही. हे कारण ठाऊक नसलेल्याची अख्खी रात्र यात जाऊ शकते.

घरोघरी असलेल्या एचडीएमआयशी एसडीआयची तुलना नेहमी केली जाते. एचडीएमआय स्वस्त आहे, पण तिची तांब्याची तार काही मीटरांपुरतीच भरवशाची, तिचा जोड नुसत्या हिसक्याने निसटतो, आणि चोरटे मुद्रण रोखण्यासाठी तिच्यात संकेतीकरणाची सोय असते. दोन यंत्रे आधी परस्परांशी बोलतात आणि मगच चित्र सुरू होते. एसडीआयमध्ये असा संवाद नाही. तार जोडली की चित्र वाहू लागते. लग्नसमारंभाचे किंवा सभेचे थेट चित्रण करणारे छोटे व्यावसायिक एचडीएमआयचा कॅमेरा घेतात आणि लहानशी परिवर्तक पेटी लावून एसडीआयची लांब तार ओढतात, ती याचमुळे.

तारेनंतर

एसडीआयला खरे आव्हान संगणकजालाकडून आले. २०१२ साली एसडीआयचा संपूर्ण प्रवाह पुडक्यांत बांधून जालावरून पाठवण्याचे २०२२-६ हे मानक निघाले. २०१७ साली २११० या मानकमालिकेने त्याहून मूलगामी पाऊल टाकले : चित्र, ध्वनी आणि पूरक माहिती यांचे प्रवाह वेगळेच केले. ध्वनी संपादकाला केवळ ध्वनी हवा असेल तर त्याने दीड गिगाबिटचे चित्र ओढून आणण्याचे कारण उरले नाही. एका फायबरवर अनेक चित्रे दोन्ही दिशांनी जाऊ लागली, राउटरच्या आकाराची मर्यादा सैल झाली. मोठ्या नव्या केंद्रांनी हा मार्ग धरला.

पण एसडीआयची तार स्वतःबरोबर जे फुकट आणत असे, ते येथे विकत घ्यावे लागते. तारेत चित्र आणि ध्वनी एकत्रच असल्याने त्यांचा मेळ आपोआप राही. जालावर प्रत्येक उपकरणाचे घड्याळ एका मुख्य घड्याळाशी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या अचूकतेने जुळवत राहावे लागते. ते घड्याळ बिघडले तर एक जोडणी नव्हे, सबंध केंद्र अडखळू शकते. तारेचा माग हाताने घेता येतो : येथून निघाली, तेथे शिरली. जालावर तो घेण्यासाठी वेगळे शिक्षण लागते आणि ते शिक्षण घेतलेला माणूस रात्री दोन वाजता केंद्रात हजर असावा लागतो. म्हणून मध्यम आकाराची केंद्रे आणि ओबी व्हॅन यांत १२जी-एसडीआयला अजूनही पसंती मिळते, आणि अनेक ठिकाणी दोन्ही पद्धती परिवर्तक पेट्यांच्या साहाय्याने शेजारी शेजारी नांदतात.

२११० मालिकेत चित्राचा जो भाग आहे, तो केवळ दिसणारे बिंदूच पाठवतो. झोताच्या परतीचा मोकळा वेळ त्यात नाही. त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमच्या एचडी चित्राचा भार १.४८५ वरून सुमारे १.०४ गिगाबिटवर उतरला. त्या मोकळ्या जागेत वर्षानुवर्षे मुक्कामाला असलेली उपशीर्षके आणि कालसंकेत यांच्यासाठी मालिकेत २११०-४० असा स्वतंत्र भाग करावा लागला.